नवे जंपर आणि जुना खडखडाट
[ नभोवाणी-भाषण ]



मानवत, सेलू, पाथरी, गंगाखेड अशा बाजारपेठेच्या कोणत्याहि गांवीं, जेथें मालमोटारी दुरुस्तीस उभ्या असतात तेथें थोडा वेळ थांबलें, तर एक तक्रार हमखास कानीं पडते. ‘‘पुढचे दोन्ही जंपर नवे बसविले, आणि त्याच दिवसापासून गाडीच्या पुढच्या अंगांत खडखड सुरू झाली. जुने होते तेव्हां गाडी डोलत असे, पण अशी वाजत नसे.’’ यावरून तक्रार करणारा जें अनुमान काढतो तेंहि ठरलेलेंच असतें. दुकानदारानें खोटा माल दिला, किंवा मिस्त्रीनें काम बिघडविलें. मग पहिली जोडी काढून दुसरी आणावयाची, तिचे पैसे भरावयाचे, गाडीचा एक दिवस बुडवावयाचा. आणि संध्याकाळीं गाडी रस्त्यावर काढली कीं तोच खडखडाट पुन्हां ऐकावयाचा. आज मला मिळालेल्या वेळांत या आवाजाचें मूळ क्रमानें कसें शोधावें, एवढा एकच विषय मी आपल्यापुढें मांडणार आहें.

विषय लहान दिसतो, पण तसा तो नाहीं. गाडीच्या पुढच्या अंगांत केवळ भार झेलणारे भाग नसतात. चाकांस दिशा देणारे सांधेहि तेथेंच असतात. आवाज जंपरचा आहे असें धरून चालावें आणि तो टाय रॉडच्या झिजलेल्या सांध्याचा निघावा, तर नुकसान जंपरच्या किंमतीपुरतें राहत नाहीं. भरल्या गाडीखालीं तो सांधा निखळला तर स्टिअरिंग चालकाच्या हातांत राहतें आणि चाक आपल्या मनास येईल तिकडे जातें. जिंतूरकडील डोंगराळ वळणावर असें झालें तर काय होईल, तें सांगावयास नको. म्हणून खडखडाट हा केवळ कानांस होणारा त्रास समजूं नये. ती गाडीनें वेळेवर दिलेली सूचना असते, आणि ती कोणत्या अवयवाकडून आली हें आपण ओळखावयाचें असतें.

प्रथम जंपर काय करतो आणि काय करीत नाहीं, हें पाहूं. गाडीचा भार जंपर उचलतो अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक भार उचलतात ते कमानपाटे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें भारमर्यादा वाढविली. तेव्हांपासून दोन आंसांच्या सहा चाकी मालमोटारीचें मालासह एकूण वजन १६.२ टनांऐवजीं १८.५ टनांपर्यंत असूं शकतें, आणि त्यांपैकीं ७ टनांपर्यंतचा भार पुढच्या आंसाच्या वांट्यास येऊं शकतो. म्हणजे पुढच्या प्रत्येक बाजूच्या पाट्यांवर सुमारें तीन टनांचें ओझें झालें. चाक खड्ड्यावरून गेलें कीं हे पाटे वांकतात, आणि वांकलेला पाटा सुटला कीं गाडी झोपाळ्याप्रमाणें हेलकावे घेत राहते. हे हेलकावे लवकर थांबविणें एवढेंच जंपरचें काम. त्याच्या नळींत तेल असतें व त्या तेलांत दट्ट्या फिरतो. दट्ट्याच्या अरुंद छिद्रांतून आणि झडपांतून जातांना तेलास अडथळा होतो, हेलकाव्याची शक्ति उष्णतेंत बदलते, आणि गाडी स्थिर होते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा जंपर हातास गरम लागतो तो यामुळेंच. एका बाजूचा गरम आणि दुसऱ्या बाजूचा गार असेल, तर गार असलेला आपलें काम करीत नाहीं असें समजण्यास जागा आहे.

आपल्याकडे ‘कावळा बसायला आणि फांदी तुटायला’ अशी म्हण आहे. शास्त्री मंडळी यासच काकतालीय न्याय म्हणतात. नवा जंपर बसला आणि खडखडाट सुरू झाला, तेव्हां पहिली गोष्ट दुसरीचें कारण असें मन लगेच धरून बसतें. पण येथें प्रकार म्हणीपेक्षां थोडा निराळा आहे. हा कावळा अगदींच निरपराध नसतो. त्याच्या भारानें फांदी खरोखरच मोडते. मात्र ती आंतून आधींच पोखरलेली असते, आणि ज्याला पोखरलेली फांदी सुधारावयाची आहे त्यानें कावळे बदलून उपयोग नाहीं.

जुने दोष नव्या जंपरानें कसे उघडकीस येतात, याचीं कारणें तीन. जंपर निकामी झाला म्हणजे तो सहज आंतबाहेर सरकतो; विरोध करीत नाहीं, म्हणून त्याच्या टोकांवर जोरहि येत नाहीं. नवा जंपर प्रत्येक हेलकाव्यास विरोध करतो, आणि तो जोर त्याच्या दोन्ही बैठकींवर, चासीवरील ब्रॅकेटावर व आंसावर पोंचतो. बैठकीचें भोंक झिजून मोठें झालें असेल किंवा ब्रॅकेटास तडा असेल, तर तो जोर तेथें आदळूं लागतो. दुसरें कारण असें कीं, दुरुस्तीसाठीं गाडी जॅकवर उचलली म्हणजे पाट्यांवरील भार उतरतो, आणि वर्षानुवर्षें एकाच जागीं दबून बसलेल्या शॅकलच्या पिना आपल्या झिजलेल्या खोबणींतून हालतात. गाडी खालीं ठेवल्यावर त्या पूर्वीच्याच जागीं बसतील असा नेम नाहीं. तिसरें, गाडी डोलत होती तेव्हां पुष्कळ लहान आवाज त्या गोंधळांत दडून जात. गाडी शांत झाली कीं तेच वेगळे ऐकूं येतात. शिवाय, नुकतेच पैसे मोजलेल्या माणसाचे कान त्या दिवशीं अधिक जागे असतात, हेंहि विसरूं नये.

आपल्या जिल्ह्यांत हा त्रास अधिक होतो, त्याचें कारण आपल्या पायांखालींच आहे. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांतील काळी चिकण माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आक्रसून भेगाळते. तिच्यावरील रस्त्याचा पाया भक्कम नसेल तर रस्त्यास लाटा पडतात. पाथरी, मानवत, परभणी या गांवांवरून नांदेडकडे जाणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सोडून गाडी आंत वळली, कीं ऊंस किंवा कापूस भरण्यासाठीं तिला पांदणीनें शेतापर्यंत जावें लागतें. पावसाळ्यांत चिखल शॅकलच्या सांध्यांत भरतो आणि वंगण धुवून नेतो. वाळल्यावर त्याचीच बारीक धूळ पिनेस कानशीप्रमाणें घांसते. उन्हाळ्यांत पारा ४० अंशांवर चढतो, तेव्हां रबरी बुश कडक होऊन चिरतात. अशा गाडीस केवळ जंपर नवे घालणें म्हणजे खिळखिळ्या दारास नवा अडसर लावण्यासारखें आहे. अडसर पक्का असतो, पण वाऱ्याबरोबर वाजतात त्या बिजागऱ्या.

आतां शोधाची पहिली पायरी. हातांत पाना घेण्यापूर्वीं चालकास चार प्रश्न विचारावे. आवाज खडीवर येतो कीं मोठ्या खड्ड्यांत? ब्रेक दाबल्यावर येतो काय? वळतांना येतो काय? गाडी रिकामी असतांना येतो कीं भरलेली असतांना? चालक दिवसभर त्या गाडींत बसलेला असतो. त्याच्या उत्तरांत अर्धा शोध असतो. बैलगाडीचा जाणता गाडीवान नुसती कुरकुर ऐकून कोणत्या चाकास वंगण हवें तें सांगत असे. तोच कान येथें हवा.

खडीवरून हळू जातांना बारीक टकटक सतत येत असेल, तर कोठें तरी थोडी ढील आहे. ती जंपरच्या बैठकींत असेल, शॅकलच्या पिनेंत असेल, किंवा पाटे एकत्र धरणाऱ्या पट्टींत असेल. मोठ्या खड्ड्यांत एकच जड ‘धाड्’ असा आवाज येत असेल, तर कांहीं तरी आपल्या हालचालीच्या शेवटास जाऊन आदळत आहे. ब्रेक दाबतांच एक ठोका आणि सोडतांच दुसरा पडत असेल, तर यू-बोल्ट ढिले होऊन आंस पाट्यांखालीं सरकत असावा, किंवा पाट्याच्या गुंडाळलेल्या टोकांतील बुश गेलेले असावेत. गाडी उभी असतांना नुसतें स्टिअरिंग फिरविल्यानें कटकट होत असेल, तर जंपरचा संबंध बहुधा नाहीं. किंगपिन, टाय रॉड व ड्रॅग लिंक यांकडे पाहावें. कुईंकुईं असा कोरडा आवाज रबराचा किंवा पाट्यावर पाटा घांसल्याचा असतो. जंपरांतून येणारा हलका फुसफुस आवाज मात्र झडपांतून तेल जाण्याचा असून तो दोष नव्हे.

परंतु कानावर सर्वस्वीं विसंबूं नये. लोखंड आवाज दूरवर नेतें. डाव्या शॅकलचा ठोका चासीवाटे जाऊन केबिनमध्यें चालकाच्या उजव्या पायाखालीं ऐकूं येऊं शकतो. कानानें दिशा मिळते. निकाल डोळ्यांनीं आणि हातांनीं लावावयाचा असतो.

दुसरी पायरी जंपरच्या बैठकीची, कारण शेवटचा हात तेथें लागलेला असतो. नट कसलेला आहे एवढ्यानें भागत नाहीं. रबरी बुश आणि त्यांवरील वाटीसारखे वॉशर योग्य क्रमानें बसले आहेत काय? जुन्याबरोबर निघालेला एखादा वॉशर पुन्हां घालावयाचा राहिला काय? नव्या बुशाचें भोंक बैठकीच्या खुंटीहून मोठें तर नाहीं? खुंटीचे आटे संपून नट तेथेंच अडला असेल, तर तो पान्यास घट्ट लागतो आणि रबर मात्र मोकळेंच राहतें. हा घट्टपणा फसवा असतो. ज्या जंपरच्या टोकास कडी असते व त्या कडींत धातूच्या नळीवर घट्ट बसविलेलें रबर असतें, त्याचा बोल्ट चाक लोंबकळत असतांना शेवटचा कसूं नये. गाडी चाकांवर, आपल्या नेहमीच्या उंचीवर उभी राहिल्यावर तो कसावा. नाहीं तर रबर कायमचें पिळलेलें राहतें, कुरकुरतें आणि लवकर फाटतें. किती जोरानें कसावें हें त्या त्या गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. पान्यास पाइप लावून अंदाजानें ताणूं नये.

तिसरी पायरी लांबीची. ‘तुमच्या गाडीस चालून जाईल’ म्हणून दिलेला जंपर बैठकीवर बसतो, पण मापाचा असतोच असें नाहीं. पूर्ण उघडल्यावर तो आंखूड पडत असेल, तर चाक खड्ड्यांत उतरतांना पाटे मोकळे होण्यापूर्वीं तोच ताणला जाऊन ठोका देतो. पूर्ण दाबल्यावर तो लांब पडत असेल, तर चासीखालचा रबरी बफर टेकण्यापूर्वीं त्याचाच तळ लागतो. जुना आणि नवा जंपर शेजारीं ठेवून, उघडलेल्या व दाबलेल्या अशा दोन्ही स्थितींत मोजून पाहावे. यासाठींच नव्याविषयीं खात्री होईपर्यंत जुना भंगारांत देऊं नये. जंपरचें अंग ब्रेकच्या नळीस किंवा यू-बोल्टच्या टोकास घांसत असेल, तर तें रंग उडून चकाकलेल्या जागेवरून तत्काळ कळतें.

चौथी गोष्ट हवेची. दुकानांत महिनोन्महिने आडवा पडलेला दुहेरी नळीचा जंपर आपल्या आंतल्या नळींत हवा धरून बसतो. तसाच लावला तर दट्ट्या प्रथम हवेंतून मोकळा सरकतो आणि मग तेलावर आदळतो. म्हणून लावण्यापूर्वीं त्यास गाडींत बसतो तसा उभा धरून पूर्ण उघडावा, मग उलटा करून पूर्ण दाबावा, आणि असें चार-पांच वेळां करावें. म्हणजे हवा निघून जाते आणि सर्व लांबीभर सारखा विरोध लागतो. इतकें करूनहि मध्येंच मोकळी जागा लागली, किंवा दांड्यावरून तेल ओघळूं लागलें, तर जंपर खरोखरच सदोष आहे, आणि तो निःशंकपणें दुकानदाराकडे परत न्यावा.

येथपर्यंत कांहीं सांपडलें नाहीं, तर जंपरची समक्ष साक्ष घ्यावी. गाडी रिकामी करावी, दोन्ही पुढच्या जंपरांचीं खालचीं टोकें सोडून ते वर बांधून ठेवावे, आणि आवारांतल्या आवारांत माणसाच्या चालीनें गाडी खडीवरून न्यावी. आवाज थांबला तर दोष जंपरांत किंवा त्याच्या बैठकींत आहे. तसाच राहिला तर तो दुसरीकडे आहे. ही कसोटी कमानपाट्यांच्या, रिकाम्या गाडीपुरतीच व आवारापुरतीच समजावी. जंपर सोडून हमरस्त्यावर जाणें हा अविचार होय. दोष जंपराच्या बाजूस आला आणि दोन्ही जंपर एकाच मापाचे असले, तर डावा उजवीकडे व उजवा डावीकडे बसवावा. आवाज जंपरबरोबर बाजू बदलून गेला तर जंपर दोषी. जागचा हालला नाहीं तर बैठक दोषी. एवढ्या साध्या युक्तीनें दुसऱ्या जोडीचा खर्च वांचतो.

जंपर निर्दोष ठरला, तर इतर सांध्यांकडे वळावें. गाडी सपाट व पक्क्या जमिनीवर घ्यावी, मागच्या चाकांस दोन्ही बाजूंनीं ठोकळे लावावे, आणि पुढचा आंस उचलून लोखंडी घोडीवर टेकवावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखालीं जाणें म्हणजे जिवाशीं खेळणें आहे. मग चाक वरून व खालून धरून हालवावें. ढील लागली तर मदतनिसास ब्रेक दाबून धरण्यास सांगावें. ब्रेक दाबल्यावर ढील नाहींशी झाली तर चाकाचें बेअरिंग सैल आहे. तशीच राहिली तर किंगपिन झिजली आहे. चाक डावीउजवीकडे धरून हालविल्यावर ढील लागली तर टाय रॉडचीं टोकें पाहावीं. नंतर गाडी चाकांवर उभी करून एकानें स्टिअरिंग थोडें थोडें इकडेतिकडे हालवावें आणि दुसऱ्यानें एकेका सांध्यावर हात ठेवावा. झिजलेला सांधा तळहातास ठोका देतो.

शॅकलपाशीं पहारेचें टोक घालून हलकेंच उचकटून पाहावें. यू-बोल्टांच्या आसपास तांबूस भुकटी जमली असेल, तर तेथें लोखंडावर लोखंड घांसत आहे. पाट्यांच्या मधला बोल्ट तुटला असेल तर आंस किंचित् सरकतो, आणि पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर दोन्ही बाजूंनीं मोजलें असतां सारखें येत नाहीं. शेवटीं प्रत्येक नटावर आणि त्याच्या शेजारच्या लोखंडावर मिळून खडूची एकच रेघ ओढावी. एक भरली खेप करून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर तो नट फिरला असें समजावें. या कामीं याहून स्वस्त साधन नाहीं.

या सर्व शोधांत एक नियम पाळावा. एका वेळीं एकच बदल करावा, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावर, त्याच वेगानें व तेवढ्याच भारानें परीक्षा घ्यावी. चार नट, दोन बुश आणि एक पिन एकदम बदलून आवाज गेला, तर समाधान होतें पण ज्ञान होत नाहीं. पुढें कधीं तोच आवाज आला, कीं पुन्हां सर्वच वस्तु विकत घ्याव्या लागतात.

एक उदाहरण घेऊं. समजा, ऊंसाच्या हंगामांत गंगाखेडच्या बाजूस खेपा करणारी एक मालमोटार आहे. नवे जंपर घातल्यापासून रिकामी परततांना ती खडीवर टकटक वाजते. भरल्यावर वाजत नाहीं. मोठ्या खड्ड्यांत आवाज वाढत नाहीं, म्हणून लांबीचा प्रश्न मागें पडतो. ब्रेकनें फरक पडत नाहीं, म्हणून यू-बोल्टांवरील संशय कमी होतो. जंपर सोडून आवारांत फिरविली तरी टकटक तशीच. म्हणजे जंपर सुटला. आतां, भारानें आवाज दबतो याचा अर्थ काय? भार ज्या सांध्यास एका बाजूस दाबून धरतो, तो सांधा सैल आहे. पहार लावतांच डाव्या शॅकलची पिन हालते, आणि शोध संपतो. पिन व बुश यांचा खर्च जंपरच्या मानानें थोडा. वंगण वेळेवर मिळालें असतें तर पिनेचें आयुष्यहि वाढलें असतें. या गाडीस जंपरची दुसरी जोडी घातली असती, तर ‘दुखणें रेड्याला आणि डाग पखालीला’ असाच प्रकार झाला असता.

आतां यंत्र सोडून माणसांविषयीं दोन शब्द. चालक आवाज ऐकतो, पण पुष्कळदां गाडी त्याची नसते. मालक पैसे देतो, पण तो गाडींत बसत नाहीं. मिस्त्री झीज ओळखतो, पण ती बोलून दाखविली तर ‘हा काम वाढवितो’ असा संशय येईल म्हणून कचरतो. तिघांच्या या दुराव्यांत सैल पिन तशीच राहून जाते, आणि तिची किंमत कधीं कधीं रस्त्यानें जाणाऱ्या चवथ्यासच मोजावी लागते. १९८८ च्या मोटारवाहन कायद्यानें मालमोटारीस योग्यतेचें प्रमाणपत्र आवश्यक केलें आहे हें खरें. परंतु दोन तपासण्यांच्या मधले दिवस कागद सांभाळीत नाहीं. ते या तिघांनींच सांभाळावयाचे असतात. मिस्त्रीनें जंपर लावण्यापूर्वींच शॅकल, बुश आणि स्टिअरिंगचे सांधे मालकासमक्ष हालवून दाखवावे. मालकानें तें पाहून घ्यावें. आणि चालकानें नवा आवाज आल्यास तो त्याच दिवशीं सांगावा, व सांगितल्याबद्दल त्यास कोणी बोल लावूं नये.

दसरा-दिवाळीच्या सुमारास कापसाच्या गाड्या भरूं लागतात, आणि पाठोपाठ ऊंसाचा हंगाम उभा राहतो. तत्पूर्वीं एक दुपार या कामास द्यावी. सांध्यांतील वाळलेला चिखल खरवडून काढावा, जुनें वंगण बाहेर येईपर्यंत नवें भरावें, खडूच्या रेघा ओढाव्या, आणि पहिल्या भरल्या खेपेनंतर त्या पुन्हां पाहाव्या. इतकें झाल्यावरहि पुढच्या अंगांत कांहीं वाजलें, तर ऐकावें, पाहावें, हालवावें. आणि विकत घ्यावयाचें तें सर्वांच्या शेवटीं घ्यावें.